जुना लॅपटॉप किती जुना असतो?

दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. पुढच्या शिक्षणासाठी लॅपटॉप हवा, हाती रक्कम आहे वीस-पंचवीस हजारांची, आणि दुकानात तेवढ्याच पैशांत दोन यंत्रे मांडलेली आहेत. एक कोरे करकरीत, खोक्यातले. दुसरे रिफर्बिश्ड, म्हणजे कोणीतरी चार-पाच वर्षे वापरलेले. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, जुने ते जुनेच, नवे घ्या. मित्र म्हणतात, जुने पण चांगल्या जातीचे घे. दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे असते आणि पैसे तर एकदाच खर्च करता येतात.

दर वर्षी जून-जुलैत हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो, लॅपटॉप विकत नाही. पण हा प्रश्न पुष्कळसा भौतिकशास्त्राचा आणि थोडासा रसायनशास्त्राचाच आहे. यंत्र जुने होते म्हणजे त्याच्या आत नेमके काय होते, हे कळले तर उत्तर तुमचे तुम्हालाच काढता येईल.

आधी हे रिफर्बिश्ड लॅपटॉप येतात कोठून ते पाहू. बँका, कचेऱ्या, सॉफ्टवेअर कंपन्या आपल्या नोकरवर्गासाठी शेकड्यांनी लॅपटॉप घेतात, पुष्कळदा भाडेकरारानेच घेतात. ठरलेली तीन-चार वर्षे संपली की सगळे एकदम बदलतात. ते बिघडलेले असतात म्हणून नव्हे, त्यांची मुदत संपलेली असते म्हणून. व्यापारी ते गठ्ठ्याने विकत घेतात, आतील माहिती पुसतात, धूळ काढतात, नादुरुस्त भाग बदलतात आणि पुन्हा विक्रीस ठेवतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड ही अशा मालाची नावाजलेली ठिकाणे. काही उत्पादक कंपन्याही आपलेच परत आलेले लॅपटॉप तपासून विकतात. शेजारच्या काकांनी वापरून झाल्यावर विकलेला लॅपटॉप मात्र रिफर्बिश्ड नव्हे; तो नुसताच सेकंड हॅन्ड. त्यात कोणी काही तपासलेले नसते.

दुकानदार अशा मालाला 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' अशी अक्षरे लावतात. ती बहुधा बाह्य रूपाची असतात: ओरखडे किती, रंग उडाला आहे काय, एवढेच. आतील बॅटरी निम्मी मेलेली असली तरी लॅपटॉप 'ए ग्रेड' असू शकतो. तेव्हा त्या अक्षरावर फार विसंबू नका.

एकाच यंत्राची अनेक वये

दहा वर्षांची एखादी सायकल डोळ्यांसमोर आणा. तिचा लोखंडी सांगाडा पहिल्या दिवसाइतकाच भक्कम असतो. टायर मात्र दोन-तीनदा बदललेले असतात, ब्रेकचे रबर त्याहूनही जास्त वेळा. साखळी थोडी सैल झालेली असते. मग ही सायकल किती जुनी? सांगाड्याला विचाराल तर नवीच, टायरला विचाराल तर सहा महिन्यांची.

लॅपटॉपचेही असेच आहे. त्यात प्रोसेसर आहे, बॅटरी आहे, माहितीचा साठा आहे, पंखा आहे, पडदा आणि बिजागऱ्या आहेत. यांतला प्रत्येक भाग वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या वेगाने झिजतो.

प्रोसेसरपासून सुरुवात करू. सिलिकॉनच्या या चकतीत कोणताही भाग हलत नाही, घासत नाही. मग तिला म्हातारपण येतच नाही काय? येते, पण फार सावकाश. चकतीतील धातूच्या तारा केसापेक्षा हजारो पटींनी बारीक असतात. त्यांतून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना सतत धक्के देत असतात. वाऱ्याने वाळूचा कण कण सरकावा तसे काही अणू हळूहळू जागा सोडतात, तार एखाद्या ठिकाणी रोडावते आणि शेवटी तुटते. १९६९ मध्ये जेम्स ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याने या तारांच्या आयुष्याचे सूत्र मांडले. विद्युत्प्रवाहाची घनता वाढली की आयुष्य घटते आणि तापमान वाढले की ते फारच झपाट्याने घटते, असे ते सूत्र सांगते. चकती रचणारे अभियंते हे ध्यानात धरूनच तारांची जाडी ठरवतात. त्यामुळे कचेरीत पत्रे आणि हिशेब लिहिण्यात पाच वर्षे घालवलेला प्रोसेसर हा अजून तरुणच समजायला हरकत नाही.

येथे आणखी एक गंमत आहे. एकाच प्रकारची पुष्कळ यंत्रे घेतली आणि कोणत्या वयात किती बिघडतात याचा आलेख काढला, तर तो आपल्या घरातल्या परातीच्या छेदासारखा दिसतो. सुरुवातीला कड उंच, मधे लांबच लांब सपाट तळ आणि शेवटी पुन्हा कड. इंग्रजीत याला बाथटबचा वक्र म्हणतात. आपल्याला परात जवळची. सुरुवातीची कड कशामुळे? कारखान्यात राहून गेलेले दोष, एखादा कच्चा सांधा, एखादा सदोष भाग पहिल्या काही महिन्यांतच डोके वर काढतो. शेवटची कड झिजेमुळे. चार वर्षे धडधाकट चाललेला लॅपटॉप पहिली कड ओलांडून सपाट तळावर आलेला असतो. त्या एका बाबतीत तो खोक्यातल्या नव्या लॅपटॉपपेक्षाही भरवशाचा. मात्र कोणी तो उघडून त्यातले भाग बदलले असतील तर त्या नव्या हातकामाची एक छोटीशी कड पुन्हा सुरू होते. म्हणूनच रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतलात तर पहिले काही आठवडे तो कपाटात ठेवू नका. वॉरंटीच्या मुदतीत भरपूर वापरा. रडायचेच असेल तर त्याने तेव्हाच रडावे.

आठ वर्षांचा प्रोसेसर पुरेल काय?

तो चालेल हे खरे, पण मागासलेला नसेल काय? ही शंका रास्त आहे. तुमचे आईवडील शाळा-कॉलेजात होते त्या काळी तर हे अगदी खरेच होते. १९९३ मध्ये पेंटियम प्रोसेसर बाजारात आला तेव्हा त्याची गती होती ६० मेगाहर्ट्‌झ. २००२ च्या अखेरीस ती ३ गीगाहर्ट्‌झच्या पुढे गेली, म्हणजे दहा वर्षांत पन्नास पट! त्या काळात पाच वर्षांचा संगणक खरोखरच भंगारात काढण्याजोगा होत असे.

त्यानंतरच्या वीसहून अधिक वर्षांत ही गती जेमतेम दीड-दोन पट झाली आहे. असे का व्हावे? प्रोसेसरमध्ये खर्च होणारी विद्युत्-शक्ती ही व्होल्टतेचा वर्ग गुणिले वारंवारता याच्या प्रमाणात असते. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टताही कमी करता येत असे आणि वाढलेल्या वारंवारतेची उष्णता त्यात भरून निघे. पण व्होल्टता एक व्होल्टच्या आसपास आल्यावर ट्रान्झिस्टर 'बंद' असतानाही त्यातून प्रवाह गळू लागला, नळ घट्ट बंद केला तरी थेंब पडत राहावेत तसा. मग व्होल्टता उतरवता येईना आणि गती वाढवावी तर चकती भाजून निघे. अभियंत्यांनी वेगळी वाट धरली: एका चकतीवर दोन, चार, आठ गाभे बसवायला सुरुवात केली.

याचा अर्थ नवे प्रोसेसर सरस नाहीत असा नव्हे. एका ठोक्यात ते अधिक काम करतात आणि तेवढ्याच कामाला कमी वीज घेतात. पण निबंध लिहिणे, जालावर वाचन करणे, व्याख्याने पाहणे, प्रोग्रॅमिंग शिकणे यांसाठी २०१७-१८ चा चार गाभ्यांचा प्रोसेसर आजही पुरतो.

वीस-पंचवीस हजारांत खरी तुलना कशाची असते हेही येथे लक्षात घ्या. त्या किमतीचा अगदी स्वस्त नवा लॅपटॉप पाहाल तर त्यात पुष्कळदा दोन गाभ्यांचा प्रोसेसर, ४ गीगाबाइट रॅम आणि कधी कधी फक्त ६४ गीगाबाइटचा साठा असतो. विंडोज ११ ला चालण्यासाठी किमान एवढेच लागते, आणि किमान म्हणजे घरात पाऊल टाकण्यापुरती जागा, राहण्याची नव्हे. त्यातही रॅम आणि साठा मदरबोर्डवर सोल्डर केलेले असले तर पुढे वाढवताही येत नाहीत. रिफर्बिश्ड लॅपटॉप मूळचा कचेरीसाठी बनवलेला, म्हणजे नवा असताना याच्या दुप्पट-तिप्पट किमतीचा. त्याची बांधणी भक्कम, पेच काढून उघडता येणारा, रॅम बदलता येणारा. आपण 'नवा की जुना' म्हणतो, पण या किमतीला प्रश्न असतो 'नवा पण कमकुवत, की जुना पण दणकट' असा.

बॅटरी, खरी म्हातारी

आता ज्या भागाचे वय सगळ्यांत लवकर दिसते त्याकडे वळू.

लॅपटॉपमधील लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली आणि तिच्या संशोधनाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळाले. तिची रचना सोपी आहे. एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला लिथियम सामावून घेणारे धातूचे ऑक्साइड, मधे द्रावण. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडातून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. दोन गावांमध्ये एस.टी.च्या फेऱ्या चालाव्यात तशा या आयनांच्या फेऱ्या चाललेल्या असतात.

पहिल्याच चार्जिंगच्या वेळी ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ पापुद्रा तयार होतो. तो हवाच, तो नसेल तर द्रावण आणि ग्रॅफाइट यांची प्रक्रिया चालूच राहील. पण हा पापुद्रा हळूहळू जाड होत जातो आणि दर वेळी थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. फेऱ्या करणाऱ्या गाड्यांपैकी काही दर महिन्याला आगारातच गंजून पडाव्यात, तसे. गाड्या कमी झाल्या की वाहतूक कमी, म्हणजेच बॅटरीची धारकता कमी. लॅपटॉपच्या पुष्कळ बॅटऱ्या सुमारे तीनशे ते पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ धारकतेच्या ऐंशी टक्क्यांवर येतात. काही महागड्या यंत्रांतील बॅटऱ्या हजार फेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात.

येथपर्यंतचे पुष्कळांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते असे, की बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते! तो पापुद्रा नुसत्या काळानेही वाढतो. तापमान जास्त असेल आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तो अधिक वेगाने वाढतो. दहा अंश तापमान वाढले की रासायनिक प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा तुम्ही वाचला असेल. येथेही तो ढोबळ मानाने लागू पडतो. आता विदर्भातील मे महिन्यातली एखादी पत्र्याची खोली आणि तीत दिवसरात्र चार्जरला जोडलेला लॅपटॉप कल्पनेने पाहा. चार वर्षांत त्याच्या फेऱ्या पन्नासही झाल्या नसतील, पण बॅटरी केव्हाच थकलेली असेल. तेव्हा 'फार वापरलेलाच नाही' असे विक्रेता म्हणाला तर बॅटरीच्या बाबतीत त्याला फारसा अर्थ नाही. 'नवी बॅटरी टाकली आहे' म्हणाला तर तिच्या उत्पादनाची तारीख विचारा. पाच वर्षे गोदामात पडून असलेली बॅटरी वेष्टनात असली तरी पाच वर्षांचीच.

सुदैवाने बॅटरीचे वय मोजता येते. विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी' नावाच्या आज्ञेने बॅटरीचा अहवाल मिळतो. संगणकाच्या शिक्षकांना विचारा, ते करून दाखवतील. त्यात दोन आकडे शेजारी शेजारी असतात: मूळ धारकता आणि आताची पूर्ण धारकता. समजा मूळ ५० वॅट-तास आहे आणि आता ३४ उरली आहे. ३४ भागिले ५० म्हणजे ६८ टक्के. लॅपटॉप साधारण कामात ८ वॅट घेत असेल तर ३४ भागिले ८ म्हणजे सव्वाचार तास चालेल. नवा असताना सव्वासहा चालत असे. पडद्याच्या कोपऱ्यातील '१०० टक्के' हा आकडा मात्र आताच्या धारकतेचा असतो. म्हाताऱ्या बॅटरीतही तो शंभरच दाखवतो, त्याला भुलू नका.

एक धोक्याची खूण सांगून ठेवतो. द्रावणाचे विघटन होऊन आत वायू साठला की बॅटरी फुगते. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगत असेल, टचपॅड वर उचलल्यासारखे वाटत असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर तो घेऊ नका. घरातला लॅपटॉप असा झाला असेल तर वापर ताबडतोब थांबवा. फुगलेली बॅटरी टोचून वायू काढण्याचा उद्योग कोणीही करू नये; ती पेट घेते. ती जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

साठा: चकती आणि चिप

जुना लॅपटॉप 'हळू' वाटतो तेव्हा दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो. आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर साधे गणित करून पाहा. चकती मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचकाग्राखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात. शिवाय वाचकाग्र योग्य जागी सरकायला आणखी दहाएक. एकूण पंधरा धरले तर सेकंदाला साठ-पासष्ट तुकडे वाचून होतात. संगणक सुरू होताना असे हजारो लहान तुकडे वाचावे लागतात. आता कळले ना, चहा होईपर्यंत तो का सुरू होत नाही ते?

एसएसडी या चिपच्या साठ्यात फिरणारे काहीच नसते. तेच काम एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होते. म्हणूनच जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तो कात टाकल्यासारखा वागू लागतो. एवढ्या पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती मला ठाऊक नाही.

एसएसडीही झिजते. तिच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून माहिती लिहिलेली असते. कप्प्याभोवती निरोधक थराची भिंत असते आणि इलेक्ट्रॉन तिच्यातून आरपार जातात. पुंज भौतिकीत याला बोगदा-परिणाम म्हणतात. दर वेळी पुसताना-लिहिताना भिंतीला थोडी इजा होते. म्हणून उत्पादक किती माहिती लिहिता येईल याची हमी देतात. चांगल्या २५० गीगाबाइटच्या एसएसडीला १५० टेराबाइटची हमी असते. रोज तुम्ही २० गीगाबाइट लिहिलेत (आणि विद्यार्थ्याच्या हातून एवढे लिहिणे कठीणच) तरी १,५०,००० भागिले २० म्हणजे ७,५०० दिवस, वीस वर्षे! आजवर किती लिहून झाले आहे हा आकडा डिस्क स्वतःच नोंदवून ठेवते आणि मोफत मिळणाऱ्या साधनांनी तो वाचता येतो.

पंखा आणि धूळ यांवर फार लिहिण्याचे कारण नाही. धुळीचा थर म्हणजे प्रोसेसरवर पांघरलेली गोधडी. उष्णता बाहेर पडली नाही की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो आणि लोक म्हणतात, यंत्र म्हातारे झाले. ब्रशने धूळ काढून प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप बदलला की काम भागते. बिजागऱ्या मात्र नीट पाहा. झाकण पुन्हा पुन्हा उघडले-मिटले की धातू आणि भोवतीचे प्लॅस्टिक थकते, आणि तुटलेली बिजागरी पडद्याची तार घेऊन जाते.

झीज नसलेले म्हातारपण

एका प्रकारच्या म्हातारपणाचा मात्र भौतिकशास्त्राशी काही संबंध नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्यानंतरच्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ती यादी, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून म्हणजे २०१७ पासून सुरू होते. सातव्या पिढीचा एखादा लॅपटॉप शरीराने ठणठणीत असला तरी त्याला नव्या प्रणालीचे दार बंद आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नाही. दुकानात असे लॅपटॉप मोहक किमतीला दिसतात, कारण विक्रेत्याला ही तारीख पक्की ठाऊक असते. तेव्हा प्रोसेसरची पिढी विचारल्याशिवाय पुढे बोलूच नका. इंटेलच्या 'आय' मालिकेत नावातल्या अंकांवरून ती कळते: '८२५०' मधला ८ म्हणजे आठवी पिढी, '१०२१०' मधला १० म्हणजे दहावी.

असा लॅपटॉप आधीच घरी असेल तर तो फेकण्याचेही कारण नाही. लिनक्स ही मुक्त प्रणाली त्यावर उत्तम चालते; केरळमधील सरकारी शाळांत ती वर्षानुवर्षे वापरात आहे.

पैशांचे गणित

दुकानाची पायरी चढण्याआधी घरी एक त्रैराशिक मांडा. खालील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, चांगला नवा लॅपटॉप ४५,००० रुपयांचा आणि तो सात वर्षे चालेल. वर्षाला सुमारे ६,४०० रुपये पडले. रिफर्बिश्ड २२,००० चा, वर ३,००० ची बॅटरी, आणि तो चार वर्षे चालेल. वर्षाला ६,२५० रुपये. काय दिसते? वर्षाकाठचा फरक नाममात्र आहे! रिफर्बिश्ड दोनच वर्षांत बसला तर वर्षाला १२,५०० पडतील, म्हणजे तो महागात गेला. पण ज्याच्या हाती आज ४५,००० नाहीतच, त्याला पहिल्या ओळीचा उपयोग काय? त्याच्यासाठी तुलना आहे २५,००० च्या कमकुवत नव्याशी, जो तीन वर्षांत गुदमरू लागला तर वर्षाला ८,३०० च्या पुढे पडतो.

'जुना लॅपटॉप वीज खातो' हा आक्षेपही मोजून पाहू. २० वॅट, रोज ५ तास, वर्षाचे ३०० दिवस. गुणाकार ३०,००० वॅट-तास, म्हणजे अवघे ३० युनिट. वर्षाच्या विजेच्या बिलात ते दिसणारही नाहीत. उलट लॅपटॉपच्या साऱ्या आयुष्यातील कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो पहिल्यांदा सुरू होण्यापूर्वीच, कारखान्यात, घडून गेलेला असतो. चालू यंत्र आणखी चार वर्षे वापरणे हे त्या दृष्टीने फायद्याचेच.

माझे मत विचाराल तर असे आहे. चाळीस हजारांच्या वर खर्च करणे शक्य असेल तर नवा घ्या. व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय चित्रांचे जड काम करायचे असेल, तुमच्या गावात दिवसाचे कित्येक तास वीज जात असेल, किंवा जवळपास दुरुस्तीचे दुकानच नसेल, तरीही नव्यासाठी थोडे थांबून पैसे जमवणे बरे. पण वीस-पंचवीस हजारांतच भागवायचे असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, ८ गीगाबाइट रॅम आणि एसएसडी असलेला, कचेरीतून आलेला रिफर्बिश्ड लॅपटॉप मी निवडीन. मात्र तो घेण्यापूर्वी अर्धा तास दुकानात ठिय्या मारून बसा. बॅटरीचा अहवाल पाहा. चार्जर काढून पडद्याचा प्रकाश मध्यम ठेवा, वीस मिनिटे व्हिडिओ चालवा आणि टक्के किती उतरले ते लिहून घ्या. पडदा एकदा पूर्ण पांढरा, एकदा पूर्ण काळा करून डाग शोधा. प्रत्येक कळ दाबून बघा, सगळ्या खाचांत पेनड्राइव्ह घालून बघा. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. सुरुवातीलाच एखादा पासवर्ड मागितला किंवा कोण्या कंपनीचे नाव झळकले तर ते कुलूप अजून निघालेले नाही, तो लॅपटॉप परत द्या. बिलावर यंत्राचा क्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. हे सगळे करू न देणाऱ्या दुकानदाराकडून नवा लॅपटॉपही घेऊ नये.

शिक्षकांसाठी एक सूचना. शाळेत देणगीदाखल आलेले किंवा शिक्षकांचे स्वतःचे असे आठ-दहा लॅपटॉप सहज जमतात. विद्यार्थ्यांकडून प्रत्येकाचा बॅटरी-अहवाल काढून घ्या. आडव्या अक्षावर बॅटरीचे वय, उभ्या अक्षावर उरलेली धारकता टक्क्यांत, असा आलेख काढायला सांगा. मग वयाऐवजी चार्जिंगच्या फेऱ्या घेऊन दुसरा काढा. दोन्हींपैकी कोणत्या आलेखात बिंदू रेषेच्या जवळ येतात ते पाहा, आणि जे बिंदू फारच खाली पडतील त्या लॅपटॉपने उन्हाळे कोठे काढले, तो दिवसभर चार्जरला जोडलेला असे काय, याची मालकाकडे चौकशी करा.